ऑफिसच्या कामाने बाहेरगावी जाताय? मग काम सांभाळून ते शहर कसं बघायचं आणि कुठे जेवायचं

पहिल्यांदा ऑफिसने बाहेर पाठवलं तेव्हा मी ४ दिवस राहिले आणि त्या ४ दिवसात एअरपोर्ट, टॅक्सी, हॉटेल आणि क्लायंटचं ऑफिस एवढंच बघितलं. घरी आल्यावर सगळे विचारायला लागले काय काय बघितलंस, आणि मला धड आठवत होता तो फक्त हॉटेलच्या लिफ्टमधला आरसा. जेवण म्हणाल तर रोज तोच बुफे, जो जगात कुठेही जा, साधारण सारखाच लागतो. एवढं लांब जाऊन हात हलवत परत आले.

त्यानंतर बऱ्याच टूर झाल्या आणि हळूहळू एक पद्धत बसली. मला कळलेली मुख्य गोष्ट एवढीच, की कामाच्या टूरमध्ये फिरायला दिवस मिळत नाहीत, फटी मिळतात. सकाळची एक फट, संध्याकाळची एक, आणि नशीब चांगलं असेल तर शेवटच्या दिवशी अर्धा दिवस. सुट्टीवर आल्यासारखा प्लॅन करायला गेलं की पहिल्याच मीटिंगला उशीर होतो आणि बॉसच्या लक्षात राहतं ते तेवढंच. म्हणून खालचं सगळं या फटींच्या हिशोबाने लिहिलंय, जे पहिल्यांदाच निघालेत त्यांच्यासाठी.

पायरी १: निघायच्या आधी ऑफिसात ४ प्रश्न विचारून घ्या

हा भाग बोअर आहे पण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात. एक, जेवणाचे पैसे कसे मिळणार? रोजचा ठराविक भत्ता मिळतो की बिलं दाखवून मिळतात, यावर तुमचं खाणं ठरतं. भत्ता असेल तर बिनधास्त छोट्या छोट्या ठिकाणी खाता येतं, बिलं लागत असतील तर जिथे बिलच मिळत नाही तिथलं खाणं स्वतःच्या खिशातून, हे आधीच मनात धरून चला म्हणजे नंतर चिडचिड नको.

दोन, तुम्हाला एखादा दिवस पुढे थांबायचं असेल (शुक्रवारी काम संपतंय, रविवारी परतायचं असं) तर ते लेखी विचारा, तोंडी "हो हो चालेल" वर विसंबू नका. परतीचं तिकीट पुढच्या तारखेचं काढल्याने महाग पडलं तर फरक कोण देणार, त्या जादा रात्रीचं हॉटेल कुणाचं, हे मेलवर आलं की विषय संपला. कधीकधी रविवारचं तिकीट शुक्रवार संध्याकाळपेक्षा स्वस्त निघतं, मग तर तुमची बाजू आणखीनच भक्कम. त्यामुळे विचारायच्या आधी दोन्ही तारखांचे रेट बघून ठेवा.

तीन, इन्शुरन्स. कंपनीने काढलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स कित्येकदा फक्त कामाच्या तारखांपुरता असतो, म्हणजे शनिवारी तुम्ही किल्ल्यावर पाय मुरगाळून घेतलात तर तो खर्च तुमचा. जादा दिवसांसाठी वेगळा घ्यावा लागेल का ते विचारा. आणि चार, परदेशात जात असाल तर व्हिसा कुठल्या प्रकारचा आहे आणि किती दिवसांचा आहे ते स्वतः वाचा, ट्रॅव्हल डेस्कने सांगितलं म्हणून सोडून देऊ नका, पासपोर्ट तुमचा आहे.

पायरी २: फटी मोजा

मीटिंगचं कॅलेंडर उघडा आणि उलटं वाचा, म्हणजे मीटिंग कुठे आहेत ते न बघता मध्ये काय रिकामं आहे ते बघा. मग प्रत्येक रिकाम्या तुकड्यातून जाण्यायेण्याचा वेळ वजा करा, वर अर्धा तास जास्तीचा वजा करा कारण मीटिंग कधीच वेळेवर संपत नाही. जे उरतं तेवढंच तुमचं. उदाहरणार्थ संध्याकाळी ६ ला सुटणार आणि ८:३० ला टीमसोबत जेवण, तर कागदावर अडीच तास दिसतात पण हातात दीड पण नसतो. दीड तासात एक जागा होते. दोन नाही. हे मी स्वतः शिकायला खूप वेळ घेतला, दरवेळी वाटायचं की "वाटेतच तर आहे".

सकाळची फट लोक विसरतात आणि माझ्या मते तीच सगळ्यात चांगली. ९:३० ची मीटिंग असेल तर ६:३० ते ८:३० तुमचे. तेव्हा कुणाचा फोन येत नाही, ट्रॅफिक नसतो, मंडई जागी असते, आणि गावातली माणसं आपापल्या कामाला लागलेली दिसतात, जे दुपारी टुरिस्टांच्या गर्दीत दिसत नाही. फक्त आदल्या दिवशी सूर्योदयाची वेळ बघून ठेवा. विषुववृत्ताच्या जवळच्या शहरात वर्षभर साधारण एकाच वेळेला उजाडतं, पण बरंच उत्तरेला गेलात तर उन्हाळ्यात रात्री ९-१० पर्यंत उजेड असतो आणि हिवाळ्यात दुपारी ४ लाच अंधार, त्यामुळे घरचा अंदाज तिथे चालत नाही.

अजून एक, म्युझियम आणि जुने वाडे-राजवाडे आठवड्यात एक दिवस बंद असतात आणि जगात बऱ्याच ठिकाणी तो दिवस सोमवार असतो, आणि आपली टूर पण नेमकी सोमवारीच सुरू होते! त्यामुळे हे आधी बघा. शिवाय बंद व्हायची वेळ ५ लिहिली असेल तर शेवटची एन्ट्री बहुतेक त्याच्या अर्धा ते एक तास आधी असते. उलट काही म्युझियम आठवड्यातला एक दिवस मुद्दाम रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवतात, तो दिवस सापडला तर काम करणाऱ्या माणसाला लॉटरीच.

पायरी ३: नकाशा घरूनच भरून न्या

निघायच्या आदल्या रात्री, घरच्या वायफायवर, त्या शहराचा ऑफलाइन नकाशा डाऊनलोड करा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशा फोनमध्ये असला की निळा ठिपका नेट नसताना पण चालतो. मग नकाशावर आधी दोनच खुणा करा, हॉटेल आणि ऑफिस. या दोन ठिपक्यांच्या आसपास चालत १५ मिनिटात (म्हणजे साधारण १ किलोमीटर) काय काय येतं ते बघा आणि तिथल्या ८-१० जागा सेव्ह करा. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेली कितीही प्रसिद्ध जागा असू दे, ती वेगळ्या यादीत टाका, "अर्धा दिवस मिळाला तर". ही दुसरी यादी बहुतेक वेळा तशीच राहते, राहू दे.

हॉटेल तुम्हाला निवडता येत असेल तर ऑफिसच्या शेजारचं चकाचक घेण्यापेक्षा मेट्रो किंवा लोकलच्या स्टेशनजवळचं, जुन्या वस्तीतलं घ्या. ऑफिसं असतात तो भाग संध्याकाळी ७ नंतर ओस पडतो, तिथे खायला पण काही धड मिळत नाही.

पायरी ४: कुणाला विचारायचं आणि कसं विचारायचं

इथे जरा थांबून सांगते कारण सगळी गंमत यातच आहे. "इथलं फेमस काय?" असं विचारलं की समोरचा तुम्हाला पाहुणा समजून तेच उत्तर देतो जे तो सगळ्या पाहुण्यांना देतो, आणि त्या जागी बहुतेक तो स्वतः ५ वर्षात गेलेला नसतो. त्यापेक्षा असं विचारा, "तुम्ही काल दुपारी कुठे जेवलात?" किंवा "घरचे सगळे मिळून बाहेर जेवायला जाता तेव्हा कुठे जाता?" किंवा "लहानपणी शाळेतून येताना काय खायचात, ते अजून कुठे मिळतं?" शेवटच्या प्रश्नावर तर लोक अक्षरशः खुलतात, मीटिंगमध्ये घडी न मोडणारा माणूस दहा मिनिटं बोलत बसतो आणि शेवटी म्हणतो चला मीच नेतो.

विचारायचं कुणाला? साहेबांना नको, ते मोठ्या हॉटेलचं नाव सांगतात कारण त्यांना वाटतं तुमची सोय नीट व्हायला हवी. पॅन्ट्रीत काम करणाऱ्या मावशी, सिक्युरिटीचे काका, टीममधली नुकतीच नोकरीला लागलेली पोरं, टॅक्सी ड्रायव्हर, हॉटेलात रात्रपाळीला असलेला माणूस, यांना विचारा. रोज कमी पैशात पोटभर आणि चांगलं कुठे मिळतं हे यांना पाठ असतं. हॉटेलच्या रिसेप्शनवर विचारताना एक शब्द बदलायचा, "आमच्यासारख्यांसाठी चांगलं कुठे?" च्या ऐवजी "तुमच्यासाठी चांगलं कुठे?"

दोन वेगवेगळ्या माणसांनी एकच नाव घेतलं की समजा जागा पक्की.

ऑनलाइन रेटिंग मी पण बघते, पण वेगळ्या पद्धतीने. चांदण्या किती त्यापेक्षा स्थानिक भाषेत लिहिलेले रिव्ह्यू जास्त आहेत की परकीय भाषेत ते बघायचं, फोनवर भाषांतर होतंच. आणि फोटोत ताटांपेक्षा आजूबाजूची माणसं बघायची, ऑफिसचं आयडी कार्ड गळ्यात घातलेली मंडळी दिसली की मी डोळे मिटून जाते.

पायरी ५: जेवायचं कसं, आणि पोट कसं सांभाळायचं

जागा ओळखायच्या काही खुणा: मेनू छोटा असतो, एका पानाचा किंवा भिंतीवर लिहिलेला. जेवणाच्या वेळेला गर्दी असते आणि ती पटापट हलते, म्हणजे अन्न पडून राहत नाही. जिथे दारात उभं राहून तुम्हाला आत बोलावतात, जिथे मेनू ६ भाषांमध्ये फोटोसकट असतो, तिथून पुढे चालायला लागा. फार प्रसिद्ध स्थळापासून दोन गल्ल्या आत गेलं तरी जेवण सुधारतं आणि बिल कमी होतं, हे मी जवळजवळ सगळीकडे बघितलंय.

जेवणाच्या वेळा आधी माहीत करून घ्या. प्रत्येक गावाची पोटाची वेळ वेगळी असते, कुठे संध्याकाळी ७ ला किचन बंद होतं तर कुठे ९ च्या आधी कोणी जेवायला बसतच नाही. दुपारी ३ ते ६ मध्ये कित्येक ठिकाणी स्वयंपाकघर बंद असतं आणि मीटिंग नेमकी ३ ला संपते, म्हणून बॅगेत काहीतरी कोरडं खाऊ ठेवायचंच. आणि दुपारच्या जेवणावर जास्त भर द्या, चांगल्या चांगल्या ठिकाणी दुपारचा ठरलेला मेनू रात्रीपेक्षा स्वस्त असतो.

एकटीने जेवायला बसायचं दडपण येतं, मला पण यायचं, विशेषतः संध्याकाळी. त्यावर उपाय म्हणजे काउंटरची जागा, जिथून स्वयंपाक होताना दिसतो. बघायला काहीतरी असतं, बनवणाऱ्याशी बोलता येतं, आणि शेजारचा काय खातोय त्याकडे बोट दाखवून ऑर्डर देता येते, भाषा येत नसली तरी. एकदम पूर्ण जेवण मागवू नका. एक पदार्थ, तो पण छोटा, मग दुसऱ्या जागी दुसरा. एका संध्याकाळी तीन ठिकाणी थोडं थोडं खाल्लं तर एका ठिकाणी भरपेट खाण्यापेक्षा शहर जास्त कळतं, वर चालणं पण होतं.

आता पोटाचं. नवीन, तिखट, कच्चं, पोटाला सवय नसलेलं जे काही ट्राय करायचं असेल ते महत्त्वाच्या प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी अजिबात नको. कारण असं की बाधलेलं अन्न लगेच कळतंच असं नाही, काही वेळा एक-दोन तासात त्रास होतो पण काही जंतूंना १२ ते ४८ तास लागतात, म्हणजे मंगळवारी रात्री खाल्लेलं गुरुवारी सकाळी उभं राहून बोलताना बाहेर येऊ शकतं. तेव्हा मुख्य काम उरकलं की मगच प्रयोग. मी हा नियम एकदाच मोडला आणि क्लायंटच्या ऑफिसातलं टॉयलेट मला त्यांच्या कॉन्फरन्स रूमपेक्षा जास्त पाठ झालं, पुढचं काही सांगत नाही.

बाकी रस्त्यावरचं खाणं म्हणजे वाईट आणि हॉटेलातलं म्हणजे चांगलं असं काही नसतं. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा हिशोब आहे, ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधल्या तापमानाला अन्न पडून राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात, शिजवलेलं अन्न बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. या हिशोबाने तुमच्या डोळ्यासमोर तव्यावरून उतरलेला वाफाळता पदार्थ हा कोमट बुफेपेक्षा जास्त भरवशाचा. जपायचं ते बर्फाला, आधीच कापून ठेवलेल्या फळांना, आणि नळाच्या पाण्याला. हात धुवा, सॅनिटायझर ठेवा. बॅगेत ओआरएसची २ पाकिटं टाका, नाही मिळाली तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, प्रमाण चुकवू नका. जुलाबाबरोबर ताप आला किंवा रक्त पडलं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.

कशाची अ‍ॅलर्जी असेल किंवा काही खात नसाल तर ते तिथल्या भाषेत आणि लिपीत लिहून घ्या, फोनमध्ये आणि कागदावर पण. आणि नुसतं "मी शाकाहारी" असं लिहून भागत नाही, काय काय चालत नाही ते एकेक करून लिहा, कारण कित्येक ठिकाणी रस्सा किंवा सॉस कशाच्या पाण्यात उकळलाय हे बनवणाऱ्याला सांगायचं सुचतच नाही.

पायरी ६: बघायचं काय

पहिल्या संध्याकाळी उंच जागा. टेकडी, मनोरा, एखाद्या इमारतीची गच्ची, काहीही. वरून नदी कुठे, जुनं गाव कुठे, आपलं ऑफिस कुठे हे एकदा दिसलं की पुढचे दिवस सोपे जातात. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा, फोटोला उजेड पण तेव्हाच छान असतो.

मग सकाळची मंडई. तिथे काय पिकतं, कशाचा सीझन आहे, लोक नाश्त्याला काय घेतात हे सगळं एका फेरीत कळतं आणि तिकीट लागत नाही. मला विचाराल तर एकच जागा बघायला वेळ असेल तर म्युझियम सोडा आणि मंडई बघा.

म्युझियमला गेलातच तर सगळं बघायचा अट्टाहास नको. तास-दीड तासानंतर पाय आणि डोके दोन्ही बंद पडतात. दारातल्या माणसाला विचारा, अर्ध्या तासात काय बघू? आणि तेवढंच बघा. शहरात बस किंवा ट्रामचा गोल फिरणारा मार्ग असेल तर ऑफिस सुटल्यावर खिडकीत बसून एक चक्कर मारा, थकलेल्या अंगाला याच्यासारखी सोय नाही. बऱ्याच शहरांत पायी फिरवणाऱ्या टूर असतात ज्यात शेवटी आपल्याला वाटेल तेवढे पैसे द्यायचे, साधारण दोन-अडीच तासांच्या, अर्ध्या दिवसाच्या फटीत बरोबर बसतात.

टाइम झोन बदलला असेल तर पहिल्या दिवशी स्वतःवर दया करा. शरीराला जुळवून घ्यायला साधारण दर तासाच्या फरकामागे एक दिवस लागतो असं धरतात, आणि पूर्वेकडे जाताना जास्त जड जातं. दिवसाउजेडी बाहेर चालत राहिलं की बरं वाटतं, म्हणजे भटकणं हेच औषध! कॉफी मात्र दुपारनंतर नको, तिचा अंमल निम्मा उतरायलाच ५ तासांच्या आसपास लागतात.

पायरी ७: टीम, बॉस आणि "मी जरा बाहेर जाऊन येते"

सगळ्यात अवघड पायरी खरं तर ही. बॉसला हॉटेलच्या बारमध्ये बसायचं असतं आणि तुम्हाला बाजार बघायचा असतो. माझा तोडगा असा की पहिली रात्र टीमची, त्यात कुरकुर नाही. दुसऱ्या दिवशी दुपारीच सांगून टाकायचं, "मी संध्याकाळी अमुक ठिकाणी जातेय, कुणाला यायचंय?" लपूनछपून गेलं की वेगळं दिसतं, आमंत्रण दिलं की कुणी काही बोलत नाही आणि बहुतेक वेळा एक-दोघं येतातच. क्लायंटने जेवायला बोलावलं तर जा, नाही म्हणू नका. पण त्यांनी "काय आवडेल?" विचारलं की "तुमच्याकडचं काहीतरी" असं म्हणा, नाहीतर तुमच्या सोयीसाठी तुमच्याच घरासारखं जेवण देणारं हॉटेल शोधून तुम्हाला नेतात.

पायरी ८: बिलं, पैसे, लॅपटॉप

बिलाचा फोटो त्याच रात्री काढा. बिलं थर्मल पेपरची (उष्णतेने छपाई होते तो गुळगुळीत कागद) असतात, गाडीत किंवा उन्हात राहिली की वाचता येत नाहीत. ऑफिसचं आणि स्वतःचं खाणं एकाच बिलावर नको, दोन वेगळी करून मागा. परदेशात कार्ड लावल्यावर मशीन विचारतं की तिथल्या चलनात देता की तुमच्या, तेव्हा नेहमी तिथल्या चलनात निवडा, नाहीतर दुकानदाराची बँक स्वतःचा रेट लावते आणि तो महाग असतो.

लॅपटॉप घेऊन भटकू नका, आधी हॉटेलात ठेवा. तेवढा वेळ नसेल तर बॅग मांडीवर, खुर्चीच्या पाठीला अडकवलेली बॅग म्हणजे गेलीच समजा. हॉटेलचं कार्ड, ज्यावर पत्ता तिथल्या लिपीत असतो, खिशात ठेवा. शेवटच्या ट्रेनची वेळ निघतानाच बघा आणि कुठे जाताय ते एका सहकाऱ्याला मेसेज करा, एकट्या बायकांनी तर नक्कीच. पॉवर बँक न्या, पण विमानात ती हँडबॅगमध्येच लागते, १०० वॅट-अवरच्या (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप) आतली. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-अवर भरते त्यामुळे चालते.

पायरी ९: शेवटचा दिवस आणि घरी न्यायचा खाऊ

चेकआउट करून बॅगा रिसेप्शनला ठेवा, बहुतेक हॉटेलं काही न घेता ठेवतात. मग फ्लाइटच्या वेळेवरून उलटं मोजा, एअरपोर्टवर किती तास आधी, त्याच्या आधी रस्ता किती, त्याच्या आधी बॅगा घ्यायला किती, आणि जो आकडा येईल त्याच्या अर्धा तास आधीचा अलार्म लावा. अलार्म वाजला की हातातला घास खाऊन उठायचं, दुसरं ताट मागवायचं नाही.

खाऊ एअरपोर्टवर घेऊ नका, आदल्या दिवशी गावातल्या दुकानातून घ्या. हँडबॅगेत सॉस, मध, जाम, लोणचं असलं काहीही पातळ किंवा लगदा असेल तर ते लिक्विडमध्ये धरतात आणि बऱ्याच एअरपोर्टवर अजून १०० मिलीचा नियम आहे, माझी एक अख्खी बरणी सिक्युरिटीच्या डब्यात गेलीय. पातळ ते चेक-इन बॅगेत, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यात आणि मध्ये जुना टीशर्ट गुंडाळून. दुसऱ्या देशातून येताना ताजी फळं, बिया, मांस, दुधाचे पदार्थ यावर बंधनं असतात, शंका असेल तर कस्टम्सच्या फॉर्मवर लिहून टाका, लपवलेलं सापडलं तर दंड. ऑफिससाठी कोरडं आणि सुटं सुटं पॅक केलेलं काहीतरी घ्या, कापावं लागणारं नको, ऑफिसात सुरी कधीच सापडत नाही.

विमानात बसल्यावर झोपायच्या आधी फोनमध्ये चार ओळी टाइप करा, कुठे काय खाल्लं, कुणी सांगितलं, कुठली जागा राहिली. सहा महिन्यांनी त्याच शहरात पुन्हा पाठवतात किंवा टीममधला दुसरा कोणीतरी चाललेला असतो, तेव्हा ते चार ओळींचं नोट जसंच्या तसं पाठवून द्यायचं.